सील्ड बॅटरीला जास्त पैसे मोजावेत का? गाडीची बॅटरी बदलण्याआधीचा हिशोब

बॅटरीच्या दुकानात उभं राहिलं की दुकानदार तीन भाव सांगतो. एक साधी, एक मधली आणि एक 'प्रीमियम'. तिन्ही डबे सारख्याच आकाराचे, तिन्हींवर ३५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) लिहिलेलं, तिन्ही सील्ड. पहिल्या आणि तिसऱ्या डब्यात हजार-दीड हजाराचा फरक. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, ही घ्या आणि पाच-सहा वर्षं विसरून जा." गाडी सकाळी सेल घेत नाही म्हणून आपण तिथे गेलेलो असतो, ऑफिसला उशीर झालेला असतो. ती वेळ विचार करायची नसतेच. म्हणून तो आधी करून ठेवलेला बरा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. साध्या पेट्रोल हॅचबॅकसाठी मोजलेले जादा पैसे मुख्यतः लांब वॉरंटीचे असतात. आत काही वेगळं रसायन क्वचितच असतं. काही गाड्यांना मात्र खरोखर वेगळ्या जातीची बॅटरी लागते आणि तिथे केलेली काटकसर अंगाशी येते. आपली गाडी यातली कोणती, हे ओळखायचं आहे. पण त्याच्याही आधी एक काम आहे.

आधी मीटर लावा

डिजिटल मल्टिमीटर तीनशे-पाचशे रुपयांत मिळतो. घरात गाडी असेल तर तो असावाच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट सकाळी उघडा आणि काहीही चालू न करता दोन्ही टर्मिनलवर मीटर लावा.

१२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण भरलेली.
१२.४: साधारण पाऊण.
१२.२: अर्धी.
१२.०: पाव.
११.८ च्या खाली: उतरली.

१०.५ च्या आसपास आकडा आला आणि चार्ज करूनही तिथेच अडकला, तर समजून जा. बॅटरीत सहा सेल, म्हणजे कप्पे असतात, प्रत्येक २.१ व्होल्टचा. एक सेल बसला की बरोबर तेवढे कमी होतात. ती बॅटरी भंगारात.

आता घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरकडे बघा. सेल मारताना आकडा खाली जाणारच, पण ९.६ च्या वर राहायला हवा. आठ-साडेआठपर्यंत कोसळत असेल, आणि बॅटरी त्याआधी भरलेली असेल, तर आतल्या शिशाच्या प्लेटा थकल्या.

तिसरी मोजणी बहुतेक लोक करतच नाहीत, आणि नेमकी तीच सगळ्यांत जास्त पैसे वाचवते. इंजिन चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेरा-साडेतेराच्या खाली असेल तर दोष बॅटरीत नाही, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर (गॅरेजवाले अजून त्याला डायनामोच म्हणतात) किंवा त्याचा पट्टा बघा. पंधराच्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी अक्षरशः उकळतोय. तिथे कितीही महाग बॅटरी बसवा, वर्षभरात संपेल. नव्या काही गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या हुकमाने कमीजास्त होतं, त्यामुळे आकडा हलता दिसला तर लगेच घाबरू नका. थोडं चालवून पुन्हा बघा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा मीटर न लावता बॅटरी बदलली, आणि नवी कोरी बॅटरी आठ दिवसांत बसली. कारण निघालं डिकीतला दिवा. त्याचं बटण अडकलं होतं आणि झाकण बंद केल्यावरही तो आत आनंदाने जळत होता. जुनी बॅटरी चांगली होती, पण तोवर ती देऊन टाकली होती.

बंद गाडीसुद्धा थोडा करंट खातेच: घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. हिशोब करा: ५० मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. पंधरा दिवसांत १८. म्हणजे ३५ एएचची बॅटरी नुसती उभ्या उभ्या अर्ध्यावर येते. त्यात नंतर लावलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर आणखी लवकर. दुकानदाराकडे बहुधा छोटं टेस्टर असतं, त्यातून चिठ्ठीही निघते. ती मागून घ्या, पण बॅटरी चार्ज केल्यानंतरची. उतरलेल्या अवस्थेत तपासणी केली तर टेस्टर चांगल्या बॅटरीलाही 'बदला' असं सांगतं.

सील्ड म्हणजे नक्की काय

आमच्या घरी प्रीमिअर पद्मिनी होती तेव्हा रविवारी सकाळी वडील बोनेट उघडून सहा बुचं काढायचे, काचेच्या नळीने डिस्टिल्ड वॉटर घालायचे, आणि शर्टाला ॲसिडचं भोक पडलं म्हणून आईची बोलणी खायचे. त्या बॅटरीच्या जाळीत, म्हणजे प्लेटांच्या सांगाड्यात, शिशाबरोबर अँटिमनी असायचं. जाळी कडक व्हायची, पण चार्ज होताना पाणी भराभर उडून जायचं. पुढे अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आलं. पाणी उडणं खूप कमी झालं, बुचांची गरज संपली, आणि डब्यावर 'मेंटेनन्स फ्री' हे शब्द आले.

दुकानात ज्याला सील्ड म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. आत पातळ ॲसिड हिंदकळतंच आहे. झाकण बंद असलं तरी वायू जायला बारीक छिद्रं आहेत. ती आडवी करू नका, गळते. साधी आणि प्रीमियम अशा दोन्ही डब्यांत बहुधा हाच प्रकार असतो. फरक शिशाच्या प्रमाणात, जाळीच्या मिश्रधातूत आणि वॉरंटीच्या महिन्यांत. यातलं शिसं निदान तपासता येतं. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्या दुकानातल्या काट्यावर ठेवा. महागडी जराही जड भरली नाही, तर आपण स्टिकरचे पैसे देतोय की काय असा संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरी जात ईएफबी (एन्हान्स्ड फ्लडेड बॅटरी). रचना तीच, पण प्लेटांवर जादा जाळीदार अस्तर, त्यामुळे वारंवार थोडं उतरणं आणि पुन्हा भरणं तिला झेपतं.

तिसरी एजीएम (ॲब्सॉर्बंट ग्लास मॅट), आणि खऱ्या अर्थाने सील्ड हीच. १९७० च्या दशकात अमेरिकेत हे तंत्र बाजारात आलं. यात ॲसिड मोकळं नसतं, काचतंतूंच्या चटईत टिपकागदासारखं शोषलेलं असतं. चार्ज होताना सुटणाऱ्या ऑक्सिजनचं आतल्या आत परत पाणी होतं आणि वरची झडप जादा दाब झाला तरच उघडते. गळत नाही, हादरे सोसते, पटकन चार्ज होते. किंमत साध्या बॅटरीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. आणि एकदा आतलं पाणी उडालं तर ते परत घालायला वाट नाही.

आपल्याकडे बॅटरीला मारतं ते ऊन

बॅटरीवर मोठ्या अक्षरांत सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) लिहिलेलं असतं. तो आकडा उणे १८ अंशांना बॅटरी किती करंट देते ते सांगतो. कॅनडातल्या माणसाने तो जरूर बघावा. निफाडची थंडी कितीही बोचरी असली तरी तिथवर जात नाही.

आपला प्रश्न उलटा आहे. बॅटरीवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे: २५ अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात अकोला, जळगाव, चंद्रपूर इथे सावलीतच ४५ होतं. बंद बोनेटखाली, गरम इंजिनाशेजारी काय होत असेल याचा विचार करा. ज्या बॅटरीने ठाण्यात पाच वर्षं काढली तीच चंद्रपुरात तीन वर्षांत हात टेकते, यात कंपनीचा दोष असेलच असं नाही.

गंमत म्हणजे बॅटरी मे महिन्यात मरते आणि आपल्याला कळतं जुलैत. उन्हाळ्यात जाळी गंजलेली असते, पाणी उडालेलं असतं, पण तापलेलं इंजिन सहज फिरतं म्हणून काही जाणवत नाही. पावसाळ्यात वायपर, दिवे, काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर असं सगळं एकदम चालू होतं आणि दोष पावसावर जातो. म्हणून मीटर लावायचा महिना जून, पहिल्या पावसाआधी.

यातून खरेदीसाठी दोन गोष्टी निघतात. एक, नुसत्या मोठ्या सीसीएला भुलू नका. तो वाढवायला पातळ प्लेटा जास्त संख्येने बसवाव्या लागतात, आणि उष्णतेत पातळ जाळी लवकर गंजते. त्यापेक्षा आरसी, म्हणजे रिझर्व्ह कपॅसिटी हा आकडा बघा: २५ अँपिअर करंट ओढत राहिलं तर बॅटरी किती मिनिटं तग धरते. रात्री घाटात अल्टरनेटरचा पट्टा तुटला तर हाच आकडा कामाला येतो. दोन, 'सगळ्यांत भारी म्हणून' साध्या गाडीत तापलेल्या बोनेटखाली एजीएम बसवणं मला पटत नाही. उष्णता तिलाही सोसत नाही. काही जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते ते उगाच नाही.

आपली गाडी कोणत्या गटातली

जुन्या बॅटरीवरचं लेबल आणि गाडीचं मॅन्युअल बघा. जी जात कंपनीने दिली ती किमान मर्यादा समजा. वर जाता येतं, खाली येऊ नये.

सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबला की चालू होणारी गाडी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम लागते. हिंजवडी ते शिवाजीनगर अशा एका खेपेत ती बिचारी किती वेळा सेल मारते ते मोजा. "साधी बसवू, ते फीचर बंद ठेवू" असा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे: बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की फीचर पुन्हा चालू होतं आणि आपण बटण दाबायला विसरतो. इथे जादा पैसे द्यायचेच.

जर्मन गाडी असेल तर एजीएम घ्या आणि बसवणाऱ्याला आधी विचारा, "रजिस्ट्रेशन करता का?" बऱ्याच मॉडेलमध्ये नवी बॅटरी बसवल्याचं गाडीच्या संगणकाला स्कॅनरने सांगावं लागतं. नाहीतर तो नवीला जुनी समजूनच चार्ज करत राहतो.

या दोन्हींत नसलेली, रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी साधी गाडी असेल, तर पुढचा हिशोब तुमच्यासाठी आहे.

आणि गाडी गावी उभी असेल, गणपतीत आणि मे महिन्यात चार-चार दिवस चालत असेल, तर प्रीमियम बॅटरी म्हणजे पाण्यात पैसे. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि कोणतीही बॅटरी मरते. साधी घ्या आणि उरलेल्या पैशांत स्वयंचलित चार्जर घ्या. तेही नको असेल तर निघताना निगेटिव्ह केबल सोडून ठेवा. आधी आपल्या गाडीचं सेंट्रल लॉक त्यावर रुसत नाही ना ते पाहा आणि चावी खिशात ठेवा.

वॉरंटीतली मेख

कार्डावर मोठ्या अक्षरांत '६० महिने' असतं. त्याचे दोन भाग असतात: पहिले काही महिने मोफत बदलून, आणि पुढचे प्रो-राटा, म्हणजे नवी घेताना छापील किमतीवर सूट. गोम 'छापील' या शब्दात आहे.

उदाहरणाचे आकडे घेऊ. छापील किंमत ६,००० रुपये. तीच बॅटरी बाजारात जुनी देऊन ४,४०० ला मिळते. प्रो-राटाच्या सुरुवातीला ४० टक्के सूट मिळाली तर ३,६०० भरायचे आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. फायदा झाला ८०० रुपयांचा. शेवटच्या महिन्यांत सूट २० टक्क्यांवर येते, म्हणजे ४,८०० भरायचे. इथे वॉरंटी वापरणं हे नवी घेण्यापेक्षा महाग पडतं! म्हणून कार्ड बघताना फक्त मोफत महिने मोजा, बाकीचे शोभेचे.

आता दोन डबे शेजारी ठेवू. साधी ४,२०० ला, १८ महिने मोफत. प्रीमियम ५,४०० ला, ३० महिने मोफत. जादा १,२०० रुपयांत जादा १२ महिने, म्हणजे महिन्याला १०० रुपये. साधी बॅटरी आपल्या गावात नीट वापरून चार वर्षं टिकत असेल तर तिचा महिन्याचा खर्च ४,२०० भागिले ४८, म्हणजे ८८ रुपयांच्या आसपास. शंभर आणि अठ्ठ्याऐंशी, फार लांब नाहीत. अशा भावात मी प्रीमियम घेईन. जादा महिना दीडशे-दोनशेला पडत असेल तर नाही. विदर्भ-खानदेशात साधी बॅटरी तीन वर्षांतच जात असेल, तर तिचा महिना ११७ ला पडतो आणि पारडं प्रीमियमकडे झुकतं. तिथे तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत मिळणारी मोफत बदली खरोखर वापरली जायची शक्यताही जास्त. वर्षभरात गाडी विकायची असेल तर अर्थातच सगळ्यांत स्वस्त घ्या, पुढच्या मालकाला वॉरंटी भेट द्यायचं कारण नाही.

आणखी काही अटी. मोफत बदलून मिळालेल्या बॅटरीला साधारणपणे नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीचे उरलेले महिनेच चालू राहतात. टॅक्सीसाठी मुदत बहुधा कमी असते. आणि बॅटरी नुसती उतरली असेल तर बदलून मिळत नाही, चार्ज करून हातात देतात. डिकीतल्या दिव्याचा दोष कंपनी घेत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

दुकानात

कोड वाचायला शिका. ३८बी२०एल हा छोट्या गाड्यांतला नेहमीचा जपानी कोड. ३८ ही ताकदीची श्रेणी, बी हे रुंदी-उंचीचं माप, २० म्हणजे सेंटिमीटरमधली साधारण लांबी, आणि शेवटचा एल किंवा आर टर्मिनलची बाजू सांगतो. बाजू चुकली तर केबल पोचत नाही, आणि मग ती ओढूनताणून बसवतात. तसं करू देऊ नका. 'साहेब, जरा मोठी टाकतो' यालाही नको म्हणा. ट्रेमध्ये न बसणारी आणि क्लॅम्पने न आवळलेली बॅटरी खड्ड्यांनी मरते, आणि खड्ड्यांची आपल्याकडे वानवा नाही.

बनवल्याची तारीख विचारा. ती कोडमध्ये असते आणि प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, त्यामुळे दुकानदाराकडूनच फोडून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी शक्यतो नको. तुमचा मीटर खिशातून काढा: दुकानातच १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. झाकणावरचा जादूचा हिरवा डोळा पाहून समाधान मानू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचा छापील भाव दाखवून 'सूट' देत असतील तर ओळखा. बिल पक्कं घ्या, त्यावर आणि कार्डावर सीरियल नंबर, गाडीचा नंबर, तारीख, शिक्का. जुनी बॅटरी विकत घेणाऱ्या भंगारवाल्याने शंभर रुपये जास्त सांगितले तरी ती दुकानातच द्या. बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त शिसं असतं, वस्तीत उघड्यावर वितळवलं तर त्याचा धूर आणि माती मुलांच्या पोटात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बसवताना आणि नंतर

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. उलट क्रमाने केलं आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, आवळा, वरून व्हॅसलीनचा पातळ हात. ग्रीस थापून ठेवायची गरज नाही. बसवल्यावर घड्याळ आणि काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागेल, ते बिघडलेलं नसतं.

बुचं असलेली बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड, आणि फक्त खुणेपर्यंत. आरओचं पाणी चालत नाही. ॲसिड तर घालायचंच नाही, ते उडत नाही, उडतं ते पाणी. गाडी रोज चार किलोमीटरच जात असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने शेजाऱ्यांच्या घरात धूर जातो, बॅटरी फारशी भरत नाही. एजीएम असेल तर चार्जरवर एजीएमची सोय आहे ना ते पाहून घ्या.

शेवटी पांढऱ्या मार्करने बॅटरीच्या डोक्यावर बसवल्याची तारीख लिहा आणि खाली मोफत मुदत संपायची. त्या दुसऱ्या तारखेच्या महिनाभर आधी चार्ज करून टेस्टर लावून घ्या. चिठ्ठीवर 'बदला' आलं तर त्याच दिवशी कार्ड घेऊन दुकान गाठा.